चिन्ह उलटतं

“मॅडम, ते चिन्ह उलटं होते ना?”

सुरभीचा हात वर होता आणि मागच्या बाकावर तपासणीला आलेले साहेब मांडीवर वही घेऊन बसले होते. रत्नप्रभाबाईंनी वळून फळ्याकडे पाहिलं. −२x > ६. त्याखाली त्यांचं उत्तर: x > −३. बावीस वर्षं त्या पांढरकवड्याहून एसटीनं या खेड्यातल्या शाळेत येऊन बीजगणित शिकवत होत्या.

“कोणतं चिन्ह?”

“मी शून्य टाकून पाह्यलं, मॅडम. तुमच्या उत्तरात शून्य बसते. पण मंग वर शून्य सहापेक्षा मोठं होऊन राह्यलं. असं कसं होईन?”

साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. बाईंची कानशिलं तापली. कापसाची वेचणी जोरात होती. यंदाच्या भावात मजूर लावणं कोणालाच परवडत नव्हतं, त्यामुळे नववीचा निम्मा वर्ग शेतात होता. सुरभीसुद्धा आठवड्यातून दोन-तीन दिवसच यायची.

“चार दिवस तोंड दाखवायचं नाही आणि पाचव्या दिवशी मला शिकवायचं?” बाई म्हणाल्या. “कापूस वेचून गणित येत नसतं. बस खाली.”

वर्ग हसला. साहेबही हसले. बोंडांनी ओरखडलेली बोटं मुठीत घेऊन सुरभी खाली बसली.

दुपारी मुख्याध्यापक नंदकिशोर सर शेरेबुक नाचवत आले. “बाई, साहेबांनी काय लिहिलं पाहा! अध्यापन प्रभावी, वर्गावर पकड उत्तम. चहा लागू झाला तुमच्याकडे.”

बाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि मग वह्या तपासायला घेतल्या. सुरभीच्या वहीत ते गणित दोनदा होतं. आधी तिचं स्वतःचं: ऋण संख्येनं भागलं म्हणून चिन्ह उलटवलेलं, x < −३, बाजूला पडताळा. त्यावर पट्टीनं एक सरळ रेघ मारलेली. खाली फळ्यावरचं उत्तर, सुवाच्य अक्षरात उतरवलेलं.

उचललेलं लाल पेन कुठे टेकवावं ते बाईंना कळेना. चिन्ह कोणाचंही चुकतं. पण ते कापसाचं वाक्य? ते तर त्यांच्या तोंडून किती सहज निघालं होतं. साहेब बसले होते म्हणून, असं त्या मनाशी म्हणाल्या, आणि तेवढ्यानंही त्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी वही तशीच मिटली.

दुसऱ्या दिवशी सुरभी आली नाही. चूक वर्गाला सांगता आली असती. ती आल्यावरच सांगू, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली. त्यांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

सुरभी सोमवारी आली. बाईंनी तेच गणित पुन्हा फळ्यावर लिहिलं.

“गुरुवारी माझं चुकलं होतं. सुरभीचं बरोबर होतं. आणि मी तिला जे बोलले ना, ते त्याहून चुकीचं होतं.” या खेपेला कोणी हसलं नाही.

सुरभी उभी राहिली. “राहू द्या ना, मॅडम. होते असं.” घरातलं वडीलधारं माणूस बोलावं तशी ती बोलली आणि बसली.

त्यानंतर तिनं हात वर केला नाही. “कोणाला काही शंका?” असं विचारून बाई तिच्या बाकाकडे पाहत राहायच्या, सुरभी वहीत पाहत राहायची. चाचण्यांमध्ये मात्र तिचा एकही गुण जात नव्हता.

मार्चमध्ये गुणोत्तराची उजळणी निघाली. बाईंनी फळ्यावर लिहिलं, २ : ३ = ८ : १०. मुद्दामच लिहिलं, आणि खडू हातात धरून थांबल्या. मुलांनी मुकाट्यानं उतरवून घेतलं. सुरभीनं फळ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. तिचा हात बाकावरून जरासा उचलला गेला. त्याच हातानं तिनं पान सारखं केलं आणि ती लिहू लागली.

बाई रांगेतून चालत तिच्यापाशी आल्या. वहीत लिहिलं होतं, २ : ३ = ८ : १२.

बाईंची चाहूल लागताच तिनं ते तळहातानं झाकलं.