सुंदराचे दोन तळहात

१९६५चा कार्तिक. मुरबाडजवळच्या वैशाखरे गावात वडाखाली माणसांचा नुसता बुजबुजाट झाला होता. मधोमध धुनीवाले महाराज: सुटलेले पोट, तांबारलेले डोळे. थुंकीत कालवलेली राख जखमेवर थापायची, फुंकर मारायची आणि खेकसायचे, "मांस जुळ, कातडं जुळ, फट् स्वाहा!" आठ दिवसांत जखम बरी! लोक नारळांचे ढीग लावीत होते. मी तिथल्या शाळेचा मास्तर; मला कोण विचारतो?

गवत कापून येताना गावातली सुंदरा भाऱ्यासकट घसरली. दोन्ही तळहात दगडावर सोलवटले. सासू बुधीने तिला महाराजांपुढे ओढत नेले.

"उजवा हात दे," महाराज गरजले. "डावा अशुभ. त्याला माझी राख लागणार नाही!"

डाव्याचे काय करावे, म्हणून सुंदरा शाळेत आली. मी तो उकळून गार केलेल्या पाण्याने धुतला, स्वच्छ फडके बांधले. राख थापलेल्या उजव्याला मात्र ती हात लावू देईना. "नको गुरुजी, म्हाराज कोपतील."

आठव्या दिवशी डाव्या तळव्यावर कोवळी कातडी धरली होती. उजवा टरारून सुजला होता, पू वाहत होता. अंगात ताप घेऊन ती वडाखाली गेली आणि तिने दोन्ही हात पुढे धरले.

"म्हाराज, तुमी शिवलं नाय तो बरा झाला. ह्यो का सडला?"

"तुझ्या मनात पाप आहे!"

"मंग पाप काय एकाच हातात उतरलं?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज नारळांसकट पसार.

आम्ही सुंदराला मुरबाडला नेले. तिथल्या डॉक्टरांनी हात साफ करून पेनिसिलिन दिले. बुधी कुरकुरली, "पन आमच्या पोराला, धाकलूला, तर राखंनं गुण आला!"

"राखेनं नाही आजी, राख असूनही," डॉक्टर म्हणाले. "जखम झाली की शरीर काही प्रथिनं सोडतं. ती पेशींना निरोप देतात: वाढा, खाच भरून काढा. अशी प्रथिनं आता कुठं शास्त्रज्ञांना सापडू लागलीत. उंदराच्या लाळेच्या ग्रंथीतसुद्धा एक सापडलंय."

"मंग म्हाराजांच्या थुकीतबी आसंल की!"

"असेल थोडं. पण सोबत जंतूंची जत्रा असते, तिचं काय?"

महाराजांची खरी विद्या वेगळीच होती. खरचटलेल्यांना जवळ करायचे, खोल जखमवाल्यांना पापी म्हणून हाकलायचे. बरे झालेले गुण गात येत. चिघळलेले लाजेने घरी बसत.

सुंदराचा हात वाचला, पण करंगळी कायमची ताठ राहिली. विळा धरताना अजून दुखते.

लोकहो, जखम भरली तर श्रेय आपल्याच देहाला द्या. ती धुवा, झाका, दवाखाना गाठा. आणि कुणी चमत्कार मिरवू लागला, तर एवढेच विचारा: बाबा, ज्यांना तू शिवला नाहीस, त्यांचे काय झाले?