घोंगडीचा डाट

सीताबर्डीच्या बंदुकीच्या दुकानात मी दर साली पाण्यापावसाआधी जाते. आजूबाजूच्या दुकानांत बाया लुगडे पाहून राहतात अन् मी काउंटरवर उभी राहून पितळी काडतुसाच्या टोप्या मागते. त्या साली, म्हणजे अठ्ठ्याहत्तर साली, दुकानदार मले म्हणते कसा, "गोपिकाबाई, आता बंद करा हे. सारे लोक तयार काडतूस नेतात. घरी बसून बारूद भरणं परवडते का तुम्हाले?"

मी म्हटलं, "भाऊ, घरी चूल पेटवणं तरी कुठं परवडते? समोर खानावळ आहे ना तुमच्या. तुमची बायको जाते का तिथं जेवायले?"

त्यानं टोप्या काढून देल्या.

माहं हे असंच आहे. तोंड आहे मले, अन् देवानं ते बंद ठेवायले देलं नाही. उमरेड रोडवर आमचं गाव. नाल्याकाठी वावर, अन् नाल्यापलीकडं झुडपी जंगल. भुईमूग पेरला का डुकरं आलेच समजा. एका सांजेत अख्खी पट्टी उकरून टाकतात. त्याच्यासाठी बारा बोरची बंदूक होती घरात, घरधन्याच्या नावावर. घरधन्याचं नाव घेते मी, ज्याले राग यायचा त्याले येऊ द्या: शालिकराम. ते गेले अन् मी परवाना माह्या नावावर करून घेतला. गावात बोंबाबोंब! बाईमाणूस बंदूक चालवणार! मी म्हटलं, हाव, चालवणार. डुक्कर काय आधी पाहून घेते का, की हे बाईचं वावर आहे तं जरा कमी खावं?

काडतूस भरणं शालिकरामनंच शिकवलं मले. पितळी नळकांडीच्या बुडाशी टोपी बसवायची, वर बारूद, बारुदीवर डाट दाबायचा, मग छर्रे, त्यावर पातळ डाट, अन् तोंड मेणानं बंद. बार उडाला का नळकांडी धुऊन पुसून पुन्हा भरायची. डाट म्हणजे काय, गोल कापलेला जाड बोळा. पण तोच ढिला बसला तं सारा बार फुसका. शालिकराम डाट कापायचे आपल्या काळ्या घोंगडीतून. थंडीत पांघरायची तीच घोंगडी, एका कोपऱ्यातून कापत कापत अर्धी केली माणसानं. मी ओरडली का म्हणायचे, "तू आहे ना वं, मले कायले लागते पांघरूण?" असा चावट माणूस.

ते गेल्यावर उरलेल्या घोंगडीले मी कैची लावली नाही. पेटीत ठेवून देली. इतवारीतून पांढरा नमदा, दाबलेल्या लोकरीचा, आणला अन् त्यातून डाट कापू लागली. शालिकरामच्या हातची भरलेली थोडी काडतुसं तेवढी उरली होती. ती एका डब्यात घालून देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात ठेवली. त्याले हात लावायचा नाही. वावर सारं खाल्लं डुकरायनं तरी नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

रुपराव माहा दीर, शालिकरामचा सख्खा लहाना भाऊ. वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, पण देवघर दोघाईचं एकच राहिलं. त्याच्यापाशीही बंदूक होती. पण हा दुकानची कागदी काडतुसं आणायचा, लाल रंगाची, पेटीतली. मी अंगणात बसून डाट कापून राहिली का हा ओट्यावरून हसे. "वयनी, दुनिया कुठं चालली अन् तुम्ही अजून बोळेच कापून राहिल्या."

मी म्हणायची, "भाऊजी, दुनिया चालली तिकडं तुम्हीही जा ना. इथं काहून बसले?"

भाद्रपदात महालक्ष्म्या झाल्या अन् झडी लागली. पाणी थांबायचं नावच घेईना. भिंतीले बुरशी, गोधड्या ओल्या, चुलीत लाकूड पेटेना. त्या झडीतच एका सांजेले डुकरं आले. मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, होती. एक बार काढला, कळप उधळला अन् नाल्याकडं पळाला. जरा वेळानं तिकडून आणखी दोन बार ऐकू आले. मी म्हटलं, रुपरावनं काढले असतील. घरी आली, भाकर खाल्ली, निजली.

सकाळी दारात नत्थू. आमच्या वावराले लागून त्याचं वावर. भला माणूस, कधी मोठ्यानं बोलला नाही जन्मात, अन् त्या दिवशी दारातूनच ओरडत होता. त्याच्या गाईच्या मांडीत छर्रे घुसले होते. गाभण गाय! नाल्याकाठी झुडपात चरून राहिली होती बिचारी.

"वहिनीबाई," तो म्हणे, "हे गाईपाशी सापडलं. आता तुम्हीच सांगा हे कोणाच्या घरचं आहे."

त्याच्या तळहातावर डाट होता. ओला, कडेनं जळालेला, काळा. घोंगडीचा.

गावात कोणाले विचारायची गरज नव्हती. काळा डाट म्हणजे शालिकरामचं घर, हे सारे जाणत होते. रुपराव बाहेर आला, डाट पाहिला अन् मान हलवून म्हणते, "मी तं काल बंदूक काढलीच नाही. वयनीले किती डाव सांगितलं, हातानं भरलेल्याचा भरवसा नाही. छर्रे कुठचे कुठं जातात. आता जीव गेला असता कोणाचा तं?"

मी धावत देवघरात गेली, डबा काढला. दोन नळकांड्या रिकाम्या. तोंडाचं मेण गेलेलं, आत काजळी, अन् कोणी पाहू नये म्हणून पालथ्या घालून ठेवलेल्या. माय वं! देवाले हात जोडायच्या बहाण्यानं आला अन् भावाच्या हातचं घेऊन गेला मेला. मी देव्हाऱ्यापुढं फतकल मारून बसली अन् त्याले अशा शिव्या देल्या, अशा शिव्या देल्या, का देवानं कान झाकले असतील.

तुम्ही म्हणाल, तिथंच त्याची गचांडी काहून नाही धरली? धरली असती. पण तो साफ नाही म्हटला असता, अन् गावानं मान डोलावली असती. तवरीक जमादारानं पंचनामा केला होता. नागपूरले, कचेरीत, पेशी लागली. माहा परवाना राहते का जाते ते तिथं ठरणार होतं. परवाना गेला का बंदूक गेली, अन् बंदूक गेली का वावर डुकराच्या नावावर लिहून देल्यासारखंच. अन् साक्षीदार कोण? रुपराव! मी म्हटलं, ठीक आहे भाऊजी, द्या साक्ष. तुमच्याच तोंडून देऊन घेते.

एसटीत तो माह्या बाजूले बसला. वाटेत मले समजावून राहिला, "वयनी, आपणच बंदूक जमा करून टाका. साहेब नरम होईन. बाईमाणसाले कायले पाहिजे हा कुटाणा?" मी मांडीवरची थैली घट्ट धरून खिडकीतून बाहेर पाहत होती. थैलीत देवघरातला डबा होता, अन् संगं माही भरलेली काडतुसं.

कचेरीतला साहेब तरुण होता. बोलायले चांगला, ओरडला नाही. कागद वाचून झाल्यावर म्हणे, "बाई, बाजारात तयार काडतुसं मिळतात. मग हा घरगुती खटाटोप कशासाठी? वेळ जातो, धोका असतो, आणि आता तर गाय जखमी झाली. मी परवाना चालू का ठेवू, सांगा."

"सांगते साहेब," मी म्हटलं अन् डबा टेबलावर ठेवला. झाकण काढलं तसा तो खुर्चीतून अर्धा उठलाच. "अहो, हे इथं कशाला आणलं?"

"बसा, बसा. परवान्यातलंच आहे. हा पाहा माहा डाट, पांढरा. तीन वर्षांपासून मी पांढराच वापरून राहिली, साऱ्या नळकांड्या उघडून पाहा. अन् हा तुमच्या कागदासंगं आलेला, गाईपाशी सापडला तो, काळा. काळा डाट माह्या घरधन्याच्या हातचा, अन् तो माणूस मेला. आता त्यानंच वरून येऊन बार काढला असं लिहायचं असन तं लिहा, मी आंगठा देते."

मी त्या दोन रिकाम्या नळकांड्या काढल्या अन् रुपरावपुढं उभ्या केल्या.

"भाऊजी, तुमच्यापाशी पेटीभर दुकानची काडतुसं होती ना? मग मेलेल्या भावाच्या डब्यात हात काहून घातला?"

रुपराव नळकांड्यांकडं पाहून राहिला. मग खाली मान घालून काही तरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोला," मी म्हटलं. "घरी ओट्यावरून बोलता तेवढ्या मोठ्यानं."

"फुगले होते," तो म्हणे. "झडीनं ओल धरली कागदी काडतुसायनं. फुगून बसले, बंदुकीत जाईचना. डुकरं माह्या भुईमुगात शिरलेले. मी काय करू? दादाचे तेवढे कोरडे होते." मग तो साहेबाकडं वळला. "दादाच्या हातचा बार कधी फसला नाही, साहेब. मले ठाऊक होतं ते. गाय झुडपामागं होती, दिसली नाही मले. घाबरलो."

साहेबानं पेन उचलला. रुपरावची बंदूक जमा करायचा हुकूम लिहिला, माहा परवाना माह्या हातात परत देला. देता देता हसून म्हणे, "बाई, तरी विचारतो, इतका खटाटोप परवडतो का?"

"साक्षीदारानं सांगितलं ना आताच," मी म्हटलं. "मी पुन्हा कायले सांगू?"

बाहेर कडुनिंबाखाली रुपराव रडायले लागला. मोठा माणूस, मिशा पिकलेल्या, अन् उपरण्यात तोंड घालून रडते. मी म्हटलं, "रडणं घरी. नत्थूची गाय बरी होईस्तोवर तुमच्या म्हशीचं दूध रोज त्याच्या घरी जाईन. गड्यापाशी द्यायचं नाही. चरवी स्वतः हातात धरायची अन् गावातून चालत जायचं." हाव म्हटला तो. अन् गेलाही, खोटं कायले बोलू.

पण जिंकली म्हणून माह्या मनाले काही बरं वाटलं नाही. परतीच्या एसटीत मीच ढसाढसा रडली. गाय बरी होईन, रुपरावची बंदूकही उद्या परत भेटन. पण ते दोन बार? ते डाट त्या माणसानं आपल्या हातानं दाबले होते, तोंडं आपल्या हातानं मेणानं बंद केली होती. ते मले आता कोण परत देणार होतं? मी जपून जपून ठेवले, अन् उडवले कोणी, तं चोरानं!

पाणी उघडलं अन् दुसऱ्याच सांजेले डुकरं पुन्हा आले. मी नेहमीची काडतुसं घ्यायले हात घातला अन् थांबली. शालिकराम असते तं काय म्हणाले असते, मले बरोब्बर ऐकू आलं. म्हणाले असते, "अवं येडे, काडतूस काय लोणचं आहे का, मुरत ठेवायले?"

देवघरातला डबा घेतला अन् वावरात गेली. त्याईच्या हातचं एक बंदुकीत घातलं. काय बार निघाला, बापा! नालाभर घुमला. कळपातलं एक लोळलं, बाकीचे शेपट्या वर करून जंगलात. मग दुसरं घातलं, त्यायच्या मागं सोडलं. होते नव्हते तेवढे सारे उडवले मी त्या सांजेले, रडत रडत अन् डुकराले शिव्या देत देत. धुऱ्यावर काळे डाट पडले होते. ते तिथंच राहू देले, मातीत जातील म्हटलं.

नळकांड्या अजून गरम होत्या. पदरात बांधून घरी आणल्या, धुतल्या, पुसल्या. मग पेटी उघडून घोंगडी काढली अन् कैची लावली. रुपराव ओट्यावर बसला होता. मी पहिला डाट कापला अन् त्याच्याकडं पाहिलं. तो हसला नाही.

"भाऊजी," मी म्हटलं, "बसून काय राहिले? या इकडं, मेण वितळवा."

तो उठला अन् आला.