सफरचंदांचे सदरे

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. चाळीस वर्षं त्यांनी मशीन चालवली आणि एकही गिऱ्हाईक ढगळ कपड्यात दुकानाबाहेर जाऊ दिलं नाही. परसात मात्र त्यांची अब्रू रोज जात होती. लाडाने वाढवलेल्या सफरचंदाच्या झाडाचं एकेक फळ आतून अळीने पोखरलेलं, नाहीतर बुडाशी कुजलेलं निघायचं.

यंदा बायकोने निर्वाणीचं सांगितलं, "अहो, एक तरी धड फळ हातावर ठेवा. नाहीतर झाड तोडून मी तिथे कपड्यांची दोरी बांधणार!"

मास्तर तडक माळ्याकडे गेले. माळी म्हणाला, "गळालेली फळं रोज उचला, घोसात एकच ठेवा, त्याला सैल पिशवी घाला. किडीचं पाखरू अंडी घालायला टेकलंच नाही, तर अळी येणार कुठून?"

पिशवी म्हटल्यावर मास्तरांच्या अंगात आलं. घोस विरळ केले, अकरा फळं उरली. फीत गळ्यात टाकून ते शिडीवर चढले.

"तीन नंबर पोटात सुटलाय!" ते वरून ओरडले. "याला चुण्या द्याव्या लागतील."

दहा सदरे झाले, काजा-बटणांसकट. अगदी अंगाबरोबर. सैल शिवायला हातच धजेना. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "मास्तर, इस्त्री राहिली की!" बायको हसून हसून पायरीवरच बसली. मास्तरांना मात्र स्वर्ग दोन बोटं उरला होता.

पण फळं वाढली, सदरे वाढेनात. त्यात चार दिवस पावसाची रिपरिप. शिवणी ताणल्या, ओल आतच कोंडली. एके सकाळी मास्तरांनी बटण काढलं, तर तळहातावर तपकिरी लगदा. मग दुसरं, तिसरं. दहा सदरे वाया गेले, आणि मास्तरांचा चेहरा बघवेना.

अकराव्या फळाला कापड उरलं नव्हतं म्हणून उशीचा अभ्रा कसाबसा टाचला होता. त्या ढगळ अभ्र्यातून लालबुंद, टणक सफरचंद निघालं. मास्तर शिडीवरून उतरले की पडले, कुणी विचारू नये. "अगं, धड! एकदम धड!" म्हणत त्यांनी परसात गिरकीच घेतली.

बायकोने सुरी घेऊन फळ मधोमध कापलं. मास्तरांची फोड पांढरीशुभ्र होती. तिची फोड पाहायला ते वाकले, तोवर तिने ती बियांसकट तोंडात कोंबली होती. एरवी पेरूवर ठिपका दिसला तरी तो बाजूला सारणारी ती.

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. अंगाला कपडा काचत असतानाही 'छान बसलाय' म्हणणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. त्यांचे डोळे भरून आले, आणि हसूही आवरेना.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"धड आहे," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "पुढच्या वर्षी सगळ्यांनाच अभ्रे घाला."