वाटेकडे तोंड केलेले बूट

डोंगरावरच्या आमच्या वस्तीत पाहुण्याला तोंडावर नकार देत नाहीत. त्याला पोटभर जेवू घालतात आणि तो आत बसलेला असतानाच त्याची पायताणं वाटेकडे तोंड करून ठेवतात. झालं! शहाण्यानं काय ते समजून जावं.

सरांना ते समजलं नाही. एवढे नावाजलेले मानववंशशास्त्रज्ञ, मला शिकवलं तेही यांनीच, आणि सरकारी अहवालात लिहितात काय? ‘डोंगर सोडायला वस्तीचा विरोध नाही. माणसं इतकी अगत्यशील, की आमचे बूटसुद्धा नीट लावून ठेवतात.’ वाचून मी कपाळाला हात लावला.

त्या अहवालाच्या जोरावर सरकार डोंगर रिकामा करणार होतं. सरांच्या समितीची शेवटची बैठक वस्तीतच, माझ्या आत्याच्या घरी ठरली. सरांच्या हाताखाली नोकरीला होते, म्हणून समितीत मीही होते. ‘वस्तीतली मुलगी’ म्हणून माझी सही त्यांना हवीच होती. आत शिरताना आत्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. मागे वळून पाहिलं, तर ती वाकून एकेक जोड फिरवत होती. माझ्या चपलासुद्धा!

जेवणं उरकल्यावर सरांनी कागद पुढे सरकवला. “कर सही. कोणी ब्रसुद्धा काढला नाही, बघितलंस ना?”

“सर, बाहेर जाऊन तुमचे बूट बघा. वस्ती केव्हाच नाही म्हणाली आहे. मागच्या खेपेलाही म्हणाली होती.”

सर हसले. “बुटांवरून कुठे धोरण ठरतं का गं?”

“तुम्ही ठरवलंत की! तेही उलटं!” माझं डोकंच फिरलं. “बूट कळत नसतील तर तोंडानं सांगते. नाही! आम्ही हलणार नाही. मी सही करणार नाही. आणि तुमचं चुकलंय, हे छापून सांगणार.”

पाहुण्याला ‘नाही’, आणि तेही आत्याच्या घरात!

“नोकरीवर पाणी सोडावं लागेल,” सर म्हणाले.

“सोडलं.”

सर तणतणत निघून गेले, मागोमाग समितीही. आता आत्या माझं तोंड बघणार नाही, असं धरून मीही उठले. दाराशी आले आणि थबकले. माझ्या चपलांची तोंडं घराकडे होती.

“उभी काय राहिलीस? ये आत,” आत्या म्हणाली. “आणि ते मोठ्यानं कसं म्हणायचं, आम्हालाही शिकव.”