पाठीवरचा चौदावा आकडा

मालकीणबाईंचा उजवा हात फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवला होता, दुखऱ्या मांजराला ठेवावं तसा. चाळीस वर्षं ज्या हाताने इस्त्री फिरवली, तो हात आता चहाची बशीसुद्धा धरत नव्हता. बोटांच्या बेचक्यांत मोहरीएवढे पाण्याचे फोड. फुटले की चिकट पाणी, पाणी सुकलं की पिवळी खपली, आणि खपलीखाली अशी खाज की मेलेले सगळे पूर्वज आठवावेत. बरं, हातावर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण गेल्या पंधरवड्यात मानेवरही, डाव्या कानाच्या पाळीखाली, तळहाताएवढा लाल चट्टा उठला होता.

लाँड्री त्यांची. मालक होते तेव्हा त्या नुसत्या बायको होत्या. मालक गेले आणि मालकीणबाई हे नाव मागे ठेवून गेले. शाळा दुसरीपर्यंत. अक्षरं बघितली की त्यांना झोप येई, पण आकडा म्हणाल तर त्यांच्याइतका पक्का कोणी नव्हता. आलेल्या प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने त्या स्वतः आकडा घालत. चाळीस वर्षांत एक रुमाल हरवला नव्हता. ती दौत आणि काडी दुसऱ्या कुणाच्या हाती जात नसे. एकदाच, त्यांच्या आजारपणात, सुनेच्या हाती गेली होती, आणि तेव्हा लॉजच्या चादरी दवाखान्यात आणि दवाखान्याच्या लॉजमध्ये गेल्या. त्याला सात वर्षं झाली. मालकीणबाईंच्या तोंडात ती गोष्ट अजून ओलीच होती.

आणि आता ही भानगड. सुनेने हट्ट करून मोठं धुलाईचं मशीन आणवलं, त्याबरोबर निळसर पावडर आली, आणि पंधरा दिवसांत मालकीणबाईंच्या हाताचं असं झालं. आता याला आणखी पुरावा तो काय हवा?

"वाफेने भाजलं होतं ना तुम्हाला त्याच आठवड्यात?" सून म्हणाली होती.

"भाजणं मला नवीन आहे का? इस्त्री आणि मी एकत्र म्हातारे झालो. मलम लावलं, झालं. हे तुझ्या पावडरीचं आहे."

मग एका दुपारी, कपड्यांच्या ढिगाऱ्यापलीकडून, त्यांनी सांगूनच टाकलं. कातडीच्या डॉक्टरणीकडे तपासणी होऊ दे. पावडर निघाली, तर मशीन आणि मशीनवाली, दोघींनी दुसरी जागा बघायची. लेक दोघींच्या मध्ये उभा होता. त्याने "अगं आई" एवढंच म्हटलं आणि शर्टाची घडी घालायला घेतली. तीच घडी त्याने तीनदा घातली आणि मोडली. सून मात्र म्हणाली, "बरं." त्या 'बरं'मध्ये राग असता तर मालकीणबाईंना बरं वाटलं असतं. तिच्याकडे रागावण्याइतकंही त्राण उरलेलं दिसलं नाही. नऊ वर्षं झाली होती तिला या घरात येऊन.

कातडीची डॉक्टरीण तरुण होती, डोळ्यांखाली काळं, बाहेर पन्नास माणसं खोळंबलेली. तिने हात उलटापालटा केला, भाजल्याचा डाग बघितला, मान बघितली.

"यावर काय लावता, आजी?"

"काही नाही."

सुनेने तोंड उघडलं. मालकीणबाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं, आणि तोंड मिटलं. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही नव्हतं. मलम म्हणजे काही 'लावणं' नव्हे. लाल टोपणाची ती ट्यूब तीस वर्षं फळीवर होती. कापलं, भाजलं, खरचटलं, कुणाचंही असो, मालकीणबाई त्या ट्यूबचा एक ठिपका लावून त्याला कामाला लावत. श्वास घेता का असं विचारलं तर कुणी हो म्हणून सांगतं का?

"सोमवारी या," डॉक्टरीण म्हणाली. "पाठीवर पट्ट्या लावू. वेगवेगळ्या वस्तू थोड्या थोड्या. कशाने अंग चिडतं ते कळेल. घरी हाताला जे जे लागतं ते सगळं आणा."

मालकीणबाईंनी स्वतःच्या डाव्या हाताने तीन पुड्या बांधल्या. एकीत निळी पावडर, एकीत खळ, एकीत रबरी मोज्याचं कापलेलं बोट. पिशवी सुनेने उचलली.

सोमवारी नर्सने त्यांना पालथं घातलं. दवाखान्याच्या दहा वस्तू, मग घरच्या. चिकटपट्ट्या फर्रकन ओढायचा आवाज, गार गार ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी पेनाने आकडा.

"जन्मभर लोकांच्या कपड्यांना खुणा केल्या," मालकीणबाई उशीत तोंड खुपसून म्हणाल्या, "आज माझ्यावरच आली. बाई, हरवले तर परत पोचती करा हो. आणि कडक इस्त्री नको."

नर्स हसली. सून हसली नाही. ती औषधांच्या टेबलापाशी पिशवीत हात घालून उभी होती.

पुढचे दिवस म्हणजे शिक्षा. अंघोळ नाही, पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम नाही, पाठ खाजवायची नाही, आणि हातामानेला साध्या व्हॅसलीनशिवाय काही लावायचं नाही. मालकीणबाई लाँड्रीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. आत मशीन घरघरत होतं, लेक इस्त्री करत होता आणि कॉलरीला चुणी पाडत होता. त्या बघत होत्या. बोलायचाही कंटाळा आला होता. एवढा थकवा त्यांना काम करून कधी आला नव्हता. बसून मात्र हाडाहाडात उतरला.

"माझी ट्यूब कुठाय? फळीवर नाही."

"असेल कुठेतरी," सून म्हणाली.

"कुठेतरी असायला ती काय तुझ्या मोज्यांसारखी आहे?"

बुधवारी नर्सने पट्ट्या काढल्या, आकडे पाठीवर राहिले. हाताची आग थोडी निवली होती. फोड सुकत होते. "बघ," मालकीणबाई लेकाला म्हणाल्या, "तीन दिवस पावडरीपासून लांब, की हात बरा. आता आणखी काय बघायचंय?" लेकाने मान हलवली. ती हो की नाही, ते त्याचं त्यालाच माहीत.

गुरुवारी दुपारी मात्र पाठीत एका जागी अशी खाज सुटली की त्या खुर्चीच्या पाठीवर अंग घासायला निघाल्या. शेवटी हाक मारली.

"अगं, बघ जरा. कोणता आकडा खातोय मला ते सांग."

सुनेने पोलकं वर केलं. ती वाकून एकेक ठिपका बघत राहिली.

"वाच की! आकडेच आहेत, मंत्र नाहीत."

"अकराला काही नाही. बाराला नाही. तेराही स्वच्छ आहे." तिने पोलकं आणखी वर केलं. "चौदावा पेटलाय, आई. लाल झालाय नि वर फोड आलेत."

"चौदावा?" मालकीणबाई गर्रकन वळल्या. "चौदा आला कुठून? दहा त्यांचे, तीन माझे. पुड्या मी बांधल्या माझ्या हाताने. दहा नि तीन किती, एवढंही तुझ्या शाळेत शिकवलं नाही? चादरी पाठवल्यास तेव्हाही अशीच छातीठोकपणे वाचत होतीस!"

सुनेने पोलकं हळूच खाली ओढलं. "उद्या डॉक्टरीणबाई वाचतील," एवढंच म्हणाली आणि मशीनकडे गेली.

मालकीणबाईंनी लेकाला बोलावलं. त्याने पाठ बघितली, बायकोकडे बघितलं, पुन्हा पाठ बघितली. "मला सगळंच लाल दिसतंय, आई." मग त्या स्वतः आरशासमोर उभ्या राहिल्या, हातआरसा मागे धरून. डाव्या हाताला तो धरवेना. एकदा पाठ दिसे तर आकडा नाही, आकडा दिसे तर नुसती पांढऱ्या केसांची बट. आरसा ठेवून त्या पलंगावर बसून राहिल्या. दुसऱ्याच्या लाखो कपड्यांचे आकडे वाचले, आणि स्वतःच्या पाठीवरचा एक वाचता येऊ नये.

शुक्रवारी डॉक्टरणीने भिंग लावून पाठ बघितली.

"अकरा, बारा, तेरा. पावडर, खळ, मोजा. काही नाही, एकदम स्वच्छ. दवाखान्याच्यातलंही विशेष काही नाही. चौदा मात्र जोरात उठलाय."

"चौदा काय आहे?" मालकीणबाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला.

डॉक्टरणीने वही फिरवली. "मलम. लाल टोपणाचं. तुमच्याच पिशवीतून आलं की."

मालकीणबाईंनी सुनेकडे बघितलं. सून स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

"तुम्ही मला म्हणालात, काही लावत नाही," डॉक्टरीण म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, सकाळपासून हेच चाळीसदा ऐकल्याचा शीण होता. "भाजलेलं कधीच भरलं असतं, आजी. तुम्ही मलम लावलंत, त्याने अंग चिडलं. चिडलं म्हणून आणखी लावलंत."

"तीस वर्षं लावतेय मी. कुणाला कधी काही झालं नाही."

"दुसऱ्यांना नसेल होत. तुमच्या अंगाला आता चालत नाही. अंग वर्षानुवर्षं सोसतं, आणि एक दिवस नाही म्हणतं. मग कायमचंच नाही."

"मग मानेवर का? मान काय भाजली होती?"

"लावून झाल्यावर बोटाला उरलेलं कुठे पुसता?"

मालकीणबाई उत्तर देणार होत्या की कुठेच नाही. पण डावा हात आपणहून उठला होता आणि कानाच्या पाळीखाली जाऊन थांबला होता. वाया काही घालवायचं नाही, ही त्यांची सवय. त्यांनी हात खाली घेतला. डॉक्टरणीने पुढच्या माणसाला हाक मारली.

घरापर्यंतचा रस्ता दोघी चालत गेल्या. अर्ध्यावर मालकीणबाई एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकल्या.

"दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला," त्या म्हणाल्या. "तुला केव्हापासून माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. मानेवर उठलं तेव्हा वाटलं. पावडर मानेला कशी लागेल?"

"मग बोलायला काय झालं होतं? दातखीळ बसली होती?"

"बोलले होते. दोनदा. तुम्ही म्हणालात, काल आलेलीने मलमाला नावं ठेवू नयेत."

मालकीणबाईंना ते आठवलं. न आठवतं तर बरं झालं असतं.

"चोरून पिशवीत टाकलंस."

"हो."

"आणि काल पाठ बघितलीस तेव्हा तरी सांगायचं."

"तुम्ही मानलं असतं?"

एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. मालकीणबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"पावडर निघाली तर काय, ते मी सांगितलं होतं. नाही निघाली तर काय, ते कुणी विचारलंच नाही."

"विचारणार होते," सून म्हणाली. "पण तुम्ही दमला होतात. मीही दमले होते." मग थोडं थांबून, "जागा बघितलीय आम्ही, आई. मागच्या आठवड्यात. पुढच्या गल्लीत, दोन खोल्या. आज संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय."

मालकीणबाई उठल्या. उठताना सुनेने दंड धरला, तो त्यांनी सोडवून घेतला नाही.

लाँड्रीत दोन नवी गाठोडी येऊन पडली होती, खुणा व्हायच्या होत्या. लेक दोघींकडे आळीपाळीने बघत होता, इस्त्री हवेतच धरून. "खाली ठेव ती, नाहीतर स्टँडवर ठेव, माझ्या डोक्यावर धरू नकोस," मालकीणबाई म्हणाल्या. खुर्चीत बसून त्यांनी डाव्या हाताने खण उघडला, दौत बाहेर काढली, काडी तिच्यावर आडवी ठेवली आणि दोन्ही टेबलाच्या पलीकडच्या कडेला सरकवलं.

"हात नीट व्हायला महिना जाईल म्हणाली ती. तोवर हे कोण करणार? तुझा नवरा? त्याला पाठीवरचा आकडा दिसत नाही."

सून उभीच होती.

"त्या जागेला ओल असेल," मालकीणबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"नाही, कोरडी आहे."

"मग शेजार वाईट असेल."

"शेजारी एक म्हातारी आहे. बहिरी."

"तिला काय, सुख आहे." त्यांनी उसासा टाकला. "मला जा म्हणता येतं. थांब म्हणायला जमत नाही, कधी म्हटलंच नाही कुणाला. आता या वयात शिकवू नकोस."

मशीनचं घरघरणं थांबलं. सुनेने स्टूल ओढलं, वरचा शर्ट उचलला, कॉलर उलटी केली आणि काडी शाईत बुडवली.

"मागचा आकडा काय होता?"

"दोनशे सोळा. आणि एक नीट काढ. तुझा एक नवासारखा दिसतो."

सुनेने सावकाश आकडा घातला, फुंकर मारली आणि शर्ट सासूसमोर धरला. मालकीणबाईंचा डावा हात सवयीने मानेकडे निघाला होता. तो त्यांनी मध्येच थांबवला, कॉलर जवळ ओढली, आणि डोळे बारीक करून बघितलं.

"वाचता येतंय," त्या म्हणाल्या. "पुढचा घे."