रुजवात

मावशीने दुसऱ्या खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग दोन्ही हातांनी उचलला आणि तो आता ठेवायचा कुठे हे न सुचून तशीच खोलीच्या मधोमध उभी राहिली. धुतलेले कपडे त्या खुर्चीवर यायचे आणि तिथूनच अंगावर जायचे. कपाटाची वाट त्यांना ठाऊकच नव्हती. शेवटी तिने तो सगळा ढीग पलंगाखाली लोटला, खुर्ची ओल्या फडक्याने पुसली आणि टेबलाच्या पलीकडे, आपल्या खुर्चीसमोर मांडून पाहिली. टेबल एकदम लहान दिसायला लागलं.

एवढ्यात जिन्यातून हाक आली.

"मावशी, चौथा मजला हे सांगितलंस, लिफ्ट बंद असते हे नाही सांगितलंस."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"पाणी दे आधी. मग भांडू."

भाची दारात पाठीवरची पिशवी सावरत उभी होती. लहानपणी हिच्या तोंडाला खीळ नसायची. कानाशी सारखी गुणगुण, सारखं का आणि कशाला. म्हणून घरात तिला सगळे भुंगा म्हणत. आता भुंगा मावशीपेक्षा बोटभर उंच झाला होता आणि त्याला वकील व्हायचं होतं. दोन लॉ कॉलेजांत नाव लागलं होतं. एक या शहरातलं, मोठ्या नावाचं; दुसरं घरापासून तासाभरावरच्या एका लहान गावातलं. सोमवारपर्यंत एकाला हो कळवायचं होतं.

ताईचा फोन आठवड्यापूर्वीच येऊन गेला होता. "तिला शहर दाखव. पण गोड करून दाखवू नकोस, आहे तसं दाखव. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. इथे आली तर राहायचं तुझ्याकडेच, तेही बघ बाई. पाच वर्षं आहेत."

"आहे तसंच दाखवते," मावशी म्हणाली होती. फोन ठेवला आणि खाली उतरून ती आधी एक उशी घेऊन आली.

आता भुंगा खुर्चीवर बसून घटाघटा पाणी पीत होता. पाणी संपल्यावर वाकून त्याने खुर्चीचे पाय पाहिले.

"हिच्या पायांचं प्लास्टिक अजून तसंच आहे गं. नवी आणलीस माझ्यासाठी?"

"हो," मावशी म्हणाली. खुर्ची टेबलाबरोबरच आली होती, ती या खोलीत राहायला आली त्या वर्षी.

शनिवारी दोघी निघाल्या. मावशीने इस्त्रीची साडी नेसली होती, जणू मुलगी दाखवायला चालली होती; आणि एका अर्थी खरंच दाखवायला चालली होती. शहर दाखवायचं म्हणजे काय काय दाखवायचं याचा बेत तिने मनात दहा वेळा आखला होता. आधी कॉलेज, मग वाचनालय, मग नदीकाठचा रस्ता, मग आपलं वकिलीचं ऑफिस.

कॉलेज झकास होतं. जिन्यात, दारात, कँटीनच्या भिंतीवर मोठमोठ्या कंपन्यांच्या आणि वकिली फर्मच्या जाहिराती लावलेल्या. शेवटच्या वर्षातली एक मुलगी भेटली. तिने चालता चालताच सांगून टाकलं, "इथे पहिल्या वर्षापासून ऑफिसं कामाला बोलावतात. परीक्षा व्हायच्या आत नोकरी पक्की. डोळे मिटून ये."

"आणि कोर्टात कधी नेतात?" भुंग्याने विचारलं.

ती मुलगी मनापासून हसली. "कोर्टात कोण जातं?"

पुढे वाचनालयात भाची गप्प होती. नदीकाठच्या रस्त्यावरही गप्पच. ऑफिसच्या काचेच्या इमारतीशी मात्र तिची कळी खुलली. दाराशी पहारेकऱ्याने मावशीला अडवलं.

"कार्ड, मॅडम."

"अहो, मी रोज येते."

"हो मॅडम. कार्ड."

मावशी पर्समध्ये कार्ड शोधू लागली. भाचीने आवाज खाली आणला. "तो तुला ओळखत नाही?"

"ओळखतो की. कार्डाला जरा जास्त ओळखतो."

वर गेल्यावर मावशीने पडदा सरकवून पुरं शहर दाखवलं. भाचीने काचेला नाक लावलं, वाफेचा ठिपका उमटवला आणि पुसला. "अजून कुठे कुठे आहेत गं तुमची ऑफिसं?"

"कुठेच नाहीत. एवढं एकच. पण भारी आहे की नाही?"

"आहे." मग थोड्या वेळाने, "तू कोर्टात शेवटची कधी उभी राहिलीस?"

"उभी? आमच्याकडे सगळं बसूनच होतं, राणी."

परतताना कोपऱ्यावरच्या दुकानात मावशीने दुधाच्या दोन पिशव्या मागितल्या. दुकानदारीण पिशवी पुढे करता करता थबकली. "आज दोन?"

"भाची आलीय. इथेच शिकायला यायचं चाललंय तिचं."

"बरं होईल हो," दुकानदारीण म्हणाली. मावशीला वाटलं, बाई आज पहिल्यांदाच आपल्याशी दुधापलीकडचं काही बोलली. पिशव्या मावशीने घरापर्यंत भाचीच्या हाती दिल्या नाहीत.

जेवताना भाची दुसऱ्या कॉलेजबद्दल बोलली. मावशीने विचारलं नव्हतं.

"तिथे कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागूनच कोर्ट आहे. आम्ही नुसते बघायला गेलो होतो, तर एका सरांनी सरळ आत नेऊन बसवलं. एका बाईची केस चालली होती. शेजाऱ्याने भिंत वीतभर आत सरकवलेली. बाई एकटीच उभी राहून बडबड करत होती, कुणाला काही कळत नव्हतं. मग तिची वकील आली धावतपळत. ती उभी राहिली ना मावशी, तशी ती बाई खाली बसली. म्हणजे, हुश्श करून बसली. मला ते फार…" तिने पुढचं वाक्य घासाबरोबर गिळलं.

"आणि शिकून झाल्यावर?"

"कुणाच्या तरी हाताखाली राबायचं. आई म्हणते, काळा कोट घालून माश्या मारत बसशील."

"ताईचं काही चूक नाही," मावशी म्हणाली. वाडगा पुढे सरकवताना आपल्या आवाजातला आनंद तिच्या कानांवर आला, आणि तिने तो वाडगा उगीच परत मागे घेतला.

रविवारी सकाळी मावशीने कागद काढले. एका जुन्या भाडेकरारावरून तिने नवा करार तयार केला होता, तो सोमवारी द्यायचा होता. ऑफिसात जुन्या-नव्या कागदांची तपासणी यंत्रावर होते, क्षणात होते. पण यंत्राने पाहिल्यावरही मावशी कागद घरी आणून एकदा स्वतः वाचायची. सवय भाचीच्या आजोबांची, म्हणजे मावशीच्या वडिलांची. आजोबा कोर्टाच्या नक्कल विभागात कारकून होते. अस्सल कागद एकाने मोठ्याने वाचायचा, अगदी स्वल्पविरामासकट. दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून पुढे सरकायचं. ओळ जुळली की म्हणायचं "हं". नाही जुळली की "थांब". हीच रुजवात. आजोबा काम घरी आणत आणि दोघी मुलींना समोरासमोर बसवत. पुढे ताईने भुंग्याला शाळेच्या कविता अशाच पाठ करायला लावल्या. घरात भांडण झालं की ताई अजूनही ठणकावून "पूर्णविराम" म्हणते आणि खोलीतून निघून जाते.

"आण इकडे," भाची म्हणाली आणि पायांना प्लास्टिक असलेली ती खुर्ची पुढे ओढून बसली. "मी बोट, तू तोंड."

मावशीने घसा साफ केला. कित्येक वर्षांनी ती समोर कुणी असताना वाचत होती. "भाडेकरूने जागा सोडण्यापूर्वी स्वल्पविराम मालकास लेखी कळवावे पूर्णविराम."

"हं."

त्या एका अक्षराने मावशीच्या खांद्यांत काहीतरी सैल झालं. ती वाचत गेली. हं. हं. तिची लय लागली. उन्हाची तिरीप टेबलावर चढली, खाली कुणीतरी गाडी सुरू करायची खटपट करत होतं आणि समोरून बोट सरकत होतं. अशी पाच वर्षं, तिच्या मनात आलं. रविवारी सकाळी, असं.

"भाडेकरूसोबत राहणाऱ्या व्यक्तींस हीच मुदत लागू राहील पूर्णविराम."

"थांब."

"काय झालं?"

"ही ओळ नाहीच इथे."

मावशी उठून टेबलाला वळसा घालून आली. खरंच नव्हती. लागोपाठच्या दोन ओळी 'भाडेकरू'नेच सुरू होत होत्या. डोळा पहिलीवरून निसटून थेट तिसरीवर गेला होता. नक्कल करणाऱ्यांची ही जुनीच चूक. यंत्राने ती दाखवली असणार, आणि दाखवलेल्या पन्नास फरकांबरोबर मावशीने तीही मान्य केली असणार.

"पण मी हे वाचलंय. दोनदा वाचलंय."

"कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर म्हणजे? मीच. एकदा इथून, एकदा तिथून."

भाची वाकून खुर्चीच्या पायाचं प्लास्टिक नखाने खरवडू लागली. ते पिवळं पडलं होतं, कडेने तडकलं होतं. नवं नव्हतं ते. वाकल्यामुळे तिला पलंगाखालचा ढीगही दिसला असावा. बराच वेळ ती तशीच वाकलेली राहिली.

"मावशी, मी इथलंच घेते," ती खालूनच म्हणाली.

मावशीच्या हातातले कागद टेबलावर टेकले. गेला आठवडाभर ती याच वाक्याची वाट पाहत होती, आणि आता ते आलं तर तिला आधी भाचीचा चेहरा पाहायचा होता.

"का गं?"

"नोकरी लागेल ना चांगली. आणि…" प्लास्टिकचा एक तुकडा निघून हातात आला. "तुलाही कुणीतरी हवंच की. बोट ठेवायला."

"चहा टाकते," मावशी म्हणाली.

स्वयंपाकाच्या ओट्याशी तिने पाणी उकळायला ठेवलं आणि त्याकडे पाहत राहिली. पाणी उकळलं, आटत चाललं. चहापत्तीचा डबा हाताशी होता. डोळा आपल्याला हवं तेच वाचतो, म्हणून एकट्याने रुजवात करू नये, असं आजोबा म्हणत. तिला त्या कुठल्याशा बाईची आठवण झाली, वीतभर भिंतीसाठी उभी राहिलेली, आणि मग हुश्श करून खाली बसलेली. तिने गॅस बंद केला.

बाहेर आली तेव्हा हातात कप नव्हते.

"तुला सांगायचंच राहिलं बघ," ती कागद सारखे करत म्हणाली. "मी इथे नसणार. ऑफिस बदली करतंय माझी. दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात. पुढच्या महिन्यातच. ही खोलीसुद्धा सोडणार. तेव्हा तू आपली माझ्यावर विसंबून…"

ती थांबली. भाची सरळ होऊन बसली होती आणि तिच्याकडे पाहत होती. तिचं बोट पुन्हा त्या गायब ओळीच्या जागी होतं. काचेवर वाफेचा ठिपका काढणारी, अजून कुठे कुठे ऑफिसं आहेत विचारून 'एवढं एकच' ऐकलेली मुलगी ती. मावशीला वाटलं, आता ती म्हणणार, थांब.

खाली कुणाची तरी गाडी एकदाची सुरू झाली आणि निघून गेली.

"हं," भाची म्हणाली. मग बोट एक ओळ खाली सरकवून, "पुढे."

मावशीने पुढे वाचलं. शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचलं.

संध्याकाळच्या गाडीत बसताना भाचीने तिला घट्ट मिठी मारली आणि खूप वेळ सोडलं नाही. "मावशी, त्या कॉलेजच्या वसतिगृहात रविवारी फोन चालतो," एवढंच म्हणाली.

"मग कर की. माझा कुठे पळून जातोय."

परतताना दुकानदारीण दिसली. एक पिशवी तिने न विचारताच पुढे केली. मावशीने घेतली.

खोलीत आल्यावर तिने ती ओळ करारात घातली, कागद पुन्हा छापला आणि दिव्याखाली टेबलाशी बसली. घसा साफ केला. "भाडेकरूसोबत राहणाऱ्या व्यक्तींस हीच मुदत लागू राहील पूर्णविराम."

ओळ संपली. ती थोडी थांबली. मग उठली, टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीवर जाऊन बसली, नकलेवर बोट ठेवलं, आणि म्हणाली, "हं."