बिनसेलची टिकली

"यात सेल कुठाय?" मी लेकीला विचारलं.

"नाहीच आहे, बाबा. आईच्या अंगातल्या साखरेवरच चालतं हे. साखर जास्त, तर दिवा भरभर लुकलुकणार. कमी, तर हळू."

मला वेड्यात काढते काय! चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय मी. फुकटात काही चालत नाही. सेल असणारच, कुठेतरी दडवलेला. लेक प्रयोगशाळेत कामाला, दंडावर चिकटवायची ही टिकली तिनेच तिथून आणलेली. तिला तिथलं सगळंच खरं वाटतं. आणि तिची आई तर भोळीच. इन्शुलिन घेतलं, दंडावर ती टिकली मिरवली आणि दुकानात माझ्या शेजारी येऊन बसली.

मी डोळ्याला भिंग लावून टिकलीच्या कडा तपासल्या. जोड नाही, झाकण नाही. माझा संशय आणखीच बळावला.

"पुरे की! मी काय घड्याळ आहे?" ती वैतागली.

मग मी लुकलुक मोजायला घेतली. दहाला मिनिटाला बावीस. अकराला चौदा. बाराला सहा. मला तर आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. वस्तू मंदावत चालली की सेल संपत आलाय, एवढं तर माझं गिऱ्हाईकसुद्धा सांगेल.

"अहो, डबा उघडूया का? कसंतरीच होतंय."

"थांब गं पाच मिनिटं. हात हलवू नकोस, मोजतोय."

साडेबाराला दिवा विझला. मी लगेच लेकीला फोन लावला. "घ्या! मान टाकली तुमच्या यंत्राने. म्हणे सेल नाही!"

"बाबा, आई काय करतेय?"

"काय करणार? काउंटरवर डोकं टेकून डुलकी काढतेय."

"बाबा, साखर! आधी तिला साखर द्या!" ती किंचाळली.

मी वळून पाहिलं. तिच्या मानेवरून घाम निथळत होता, डोळे अर्धवट उघडे. चहाच्या साखरेच्या डब्याचं झाकण माझ्या हातून दोनदा निसटलं. याच हातांनी मी केसाएवढी स्प्रिंग बसवतो. साखर पाण्यात कालवून चमच्याने थोडी थोडी तिच्या ओठांत सोडली. गिळ गं, गिळ. सकाळपासून मी हिच्या दंडाकडेच बघत होतो, तोंडाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पंधरा मिनिटं गेली. तिने मान उचलली. टिकलीतला दिवा लुकलुकला.

"किती मोजलंत?" तिने पुटपुटत विचारलं.

मला रडूच फुटलं.

"एक," मी म्हणालो.